भोंगा आणि चौदा चित्रं

आमच्या बसस्थानकावर बावीस वर्षं एकच आवाज होता. त्या आवाजाच्या मालकाला आम्ही सगळे भोंगा म्हणायचो, तेही तोंडावर, आणि त्याला त्याचं कौतुकच होतं. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे चार शब्द तो असे टाकायचा, की बाकावर घोरणारा माणूसही डोळे उघडायच्या आधी पायानं चपला शोधायला लागायचा. मी त्याच्या शेजारी, चौकशीच्या खिडकीत. आमच्यामध्ये प्लायवूडची भिंत आणि तिला हात जाईल एवढं भोक. त्यातून चहाचे ग्लास, वेळापत्रकाचे कागद आणि एकमेकांना घातलेल्या शिव्या ये-जा करायच्या. माझ्या जाड भिंगांमुळे तो मला दुर्बीण म्हणायचा.

नियमानं त्यानं गाडीची वेळ आणि फलाट, एवढंच सांगायचं. पण हा काचेतून बघत बसायचा आणि मध्येच माइकवर म्हणायचा, “चालकांनी एक मिनिट थांबावे. एक आजी दोन पिशव्या घेऊन पळत येत आहेत. आजी, पळू नका, गाडी थांबली आहे.” साहेब वैतागायचे. आजी मात्र वर लटकणाऱ्या कर्ण्याकडे बघून हात जोडायच्या.

घरीही त्याचं तोंड मिटत नसे. वहिनी, म्हणजे त्याची बायको, कपडे दुरुस्तीची कामं करायची. पँटा आखूड करणं, चेन बसवणं, उसवलेलं शिवणं. ती म्हणायची, “भावजी, आमच्याकडे रेडिओ कधी घेतला नाही. लागलाच नाही.” मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. तिचा फोन आला की भोंगा वीस मिनिटं बोलायचा आणि मग वहिनीच्या हातात फोन देऊन म्हणायचा, “घे, आता तू बोल. पण काही उरलेलं नाही.”

एका सकाळी तो माइकवर होता. “फलाट क्रमांक तीनवर,” इथपर्यंत नीट आलं. पुढे कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू यायला लागला. मला वाटलं, नेहमीची थट्टा. मी भोकातून वाकून बघितलं, तर तो खुर्चीवरून उजवीकडे कलंडला होता आणि माइकची वायर गळ्यापाशी ताणली गेली होती. फलाटावरचे लोक वर बघत वाक्य पुरं व्हायची वाट बघत होते.

अर्धांगाचा झटका होता. अकरा दिवसांनी तो दवाखान्यातून घरी आला. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालणं, आणि बोलणं गेलेलं. सगळं गेलं असं नाही म्हणता येणार. एक शब्द राहिला होता, ‘तेच’. पाणी हवं, तेच. दिवा बंद कर, तेच. राग आला की टेबलावर डावी मूठ आपटून, तेच, तेच, तेच! त्याला सगळं कळत होतं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. वाक्य मनात उभं राहायचं, चेहऱ्यावर यायचं, आणि ओठांतून बाहेर पडायचं ते ‘तेच’. डाव्या हातानं लिहायला पेन दिलं तरी नुसत्या रेघोट्या. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यातल्या ज्या खोलीत अडकलेत, अक्षरंही त्याच खोलीत अडकलीत.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई दवाखान्यात होत्या. आठवड्यातून दोनदा वहिनी त्याला रिक्षात घालून तिकडे न्यायची. त्या बाईंनी त्याला लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक दिलं. त्यात एकही अक्षर नव्हतं, नुसती चौदा चित्रं. एका म्हातारीची पिशवी फाटते, संत्री रस्त्यावर गडगडतात. एक सायकलवाला उतरून ती गोळा करून देतो. पुढे त्याची साखळी पडते, ती एक शाळकरी मुलगी बसवून देते. तिची बस सुटते, तर चालक आरशात बघून गाडी थांबवतो. असं एकानं दुसऱ्याचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि कोणीच कोणाला ओळखत नाही.

“चित्रात काय चाललंय ते सांगायचा प्रयत्न करू या,” बाई म्हणाल्या. “हे काय आहे? सं...”

भोंग्यानं पुस्तक उचललं आणि भिंतीवर फेकलं.

वहिनीनं ते उचललं, कोपरा मुडपला होता तो सरळ केला, आणि घरी आणलं. रोज दुपारी मशीन बंद करून ती त्याच्यासमोर बसायची. “सं. सं-त्रं. अहो, ओठ बघा माझे.” तो बघायचा. घाम फुटेपर्यंत प्रयत्न करायचा. तेच. चार महिने ती संत्र्याच्या पानावर होती. एकदा मी तिथं असताना तिनं पुस्तक मिटलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “माझं नाव तरी घ्या हो. संत्रं राहू दे.” तो रडायला लागला. ती उठून मशीनवर बसली आणि पायडल इतक्या जोरात मारायला लागली, की हातातला तुकडा सगळा गोळा झाला.

त्यानंतर माझं जाणं कमी झालं. मी कारणं देत होतो. ड्यूटी बदलली, गुडघा दुखतो, उद्या नक्की. खरं सांगायचं तर मला त्याच्यासमोर बसवत नव्हतं. बावीस वर्षं तो बोलायचा आणि मी ऐकायचो, आता मी काय बोलणार? आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग दोन महिने मी तिकडे फिरकलोच नाही. त्याच्या जागी आता यंत्र बसवलं होतं. भरून ठेवलेला एका बाईचा आवाज बटण दाबलं की वाजायचा. आजी पळत आल्या तरी त्या बाईला पत्ता नसायचा.

त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला मी खिडकीत होतो. समोर रांग होती. रांगेच्या पलीकडे, फलाट तीनच्या खांबापाशी थोडा गलका झाला म्हणून बघितलं, तर भोंगा.

फिकट निळा शर्ट, बटणं एक घर चुकून खालीवर लागलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. डाव्या हातानं तो छातीपाशी शर्टाच्या आत काहीतरी धरून होता. दोन कॉलेजची पोरं हसत होती. एक जण म्हणाला, “दुपारीच लावलीय वाटतं काकांनी.” भोंगा त्यांना काहीतरी सांगायला बघत होता आणि तेच तेच करत होता. मग त्यानं मान वळवली आणि थेट माझ्या खिडकीकडे बघितलं.

मी खाली वाकलो. टेबलाखाली पेन पडलं आहे असं दाखवलं.

पेन पडलं नव्हतं. मी मनात म्हणत होतो, रांग आहे, लोक बघतायत, आता बाहेर जाऊन त्याला धरून आणायचं, तोंड पुसायचं, बटणं लावायची, सगळ्यांदेखत. रांग संपली की जातो. मी वाकूनच राहिलो. वर आलो तेव्हा पावणेदोनची गाडी निघाली होती आणि खांबापाशी कोणी नव्हतं. मला काय वाटलं असेल? सुटलो असं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण आता लिहायलाच बसलोय तर खोटं कशाला लिहू.

तीनला वहिनी आली. केस सुटलेले, गळ्यात कपडे मापायची टेप तशीच लटकत होती.

“भावजी, हे इकडे आले होते का? मी शेजारच्या इमारतीत कपडे पोचवायला गेले, अर्धा तास. आले तर दार उघडं. खुंटीवरचा निळा शर्ट नाही.”

खिडकीच्या आत मी, बाहेर ती.

“नाही,” मी म्हणालो. “इकडे नाही दिसला.”

का म्हणालो? हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग धरलं का नाही? त्या एका प्रश्नाला घाबरून मी नाही म्हणालो. ती बाजाराकडे पळाली. तिथून दवाखाना, दवाखान्यातून बाग, बागेतून पुन्हा घर. साडेपाचला ती परत आली तेव्हा तिला बोलतानाही धाप लागत होती. मी तोवर तीनदा उठलो होतो आणि तीनदा बसलो होतो.

“घोषणा तरी करा,” ती म्हणाली. “कोणीतरी बघितलं असेल.”

यंत्रातल्या बाईला हरवलेल्या माणसाची घोषणा येत नव्हती. जुना माइक कपाटात होता. मी तो लावला, भोंग्याच्या खुर्चीवर बसलो आणि बोलायला लागलो. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. छप्पन वर्षांचे एक गृहस्थ दुपारपासून बेपत्ता आहेत. उजवा पाय ओढत चालतात. बोलता येत नाही. अंगात फिकट निळा शर्ट, बटणं खालीवर लागलेली...”

माझा आवाज सगळ्या फलाटांवर घुमला. बोलून झालं आणि मी वर बघितलं, तर वहिनी दारात उभी होती.

“बटणांचं मी सांगितलं नव्हतं, भावजी.”

मी माइक बंद केला.

“मी सांगितलं नव्हतं. मला माहीतच नाही. माझ्यासमोर त्यांनी तो शर्ट घातलाच नाही.”

“वहिनी...”

“कुठली गाडी?”

“पावणेदोनची. तीन नंबर.”

ती ओरडली नाही. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिचे ओठ हलले, मनात ती तास मोजत होती. मग म्हणाली, “चला.”

पावणेदोनच्या गाडीचा कंडक्टर फोनवर सापडला. हो म्हणाला, असा एक माणूस होता, तिकीट नाही, बोलत नाही, मला वाटलं पिऊन आहे, कालव्याच्या पुलापाशी उतरवला. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. पुलावर एक भाजी विकणारी बाई आवराआवर करत होती. तिनं लंगडत जाणारा माणूस बघितला होता. “कालव्याच्या कडेकडेनं गेला,” ती म्हणाली. त्या वेळी कालव्याला पाणी काठोकाठ होतं.

ती रात्र आम्ही पोलीस चौकीच्या बाकावर काढली. तिचं वर्णन करत नाही. सकाळी हवालदारानं हाक मारली. कालव्याच्या पाणी सोडायच्या पुढच्या दारापाशी एक देह अडकला होता, अनोळखी पुरुष, पन्नास-साठ वर्षांचा. सरकारी दवाखान्यात ठेवला होता, ओळख पटवायला या म्हणाले.

मी म्हणालो, “वहिनी, मी आत जातो. तुम्ही थांबा.”

“तुम्ही बघितलेलं मला चालणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही बघून नाही म्हणता.”

ती एकटी आत गेली. मी व्हरांड्यात उभा राहिलो. समोर एक माणूस फरशी पुसत होता, माझ्या पायापाशी आला की थांबायचा, मी पाय उचलला की पुढे जायचा. आयुष्यात वेळ इतका लांबलेला मला आठवत नाही. ती बाहेर आली, भिंतीला हात लावत लावत बाकापर्यंत गेली आणि बसली.

“ते नाहीत,” ती म्हणाली. आणि मग, “मला आनंद झाला हो. आत कोणाचा तरी नवरा पडलाय, आणि मला आनंद झाला.” तिनं टेपचं टोक तोंडात धरलं आणि रडली. आवाज न करता, खांदे हलवून. मी शेजारी बसलो नाही. तो हक्क माझ्याकडे उरला नव्हता.

दुपारी एकला माझा फोन वाजला. डेपोतून होता. पलीकडच्या हमरस्त्यावर एक छोटा बसथांबा आहे, तिथल्या कंडक्टरनं कळवलं होतं. “दुर्बीण, अरे भोंगा तिकडे आहे! जिवंत आहे! घोषणा करतोय म्हणे!”

आम्ही मिळेल त्या गाडीनं निघालो. थांब्याला लागून सार्वजनिक शौचालय होतं आणि ते सांभाळणारी बाई दारातच उभी होती. पन्नाशीची, हडकुळी, पायात पुरुषी गमबूट. मागच्या तिच्या खोलीत, घडी घातलेल्या सतरंजीवर भोंगा बसला होता. तोंड धुतलेलं होतं. बटणं बरोबर लागलेली होती. हातात ते चित्रांचं पुस्तक.

वहिनी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिनं त्याचे पाय, हात, कपाळ चाचपून बघितलं, बाजारात घेतलेली वस्तू फुटली तर नाही ना असं बघावं तसं. मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याला मिठी मारली.

झालं होतं असं. कालव्याच्या कडेला त्याला एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं चालताना बघितलं. कुठे जायचं विचारलं तर यानं पुस्तक काढून बसचं चित्र दाखवलं. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं त्याला गाडीत घेतलं आणि चाळीस किलोमीटर उलट्या दिशेला, आपल्या वाटेवरच्या बसथांब्यावर सोडलं. तिथं तो संध्याकाळपर्यंत बाकावर होता.

“लोक लांबून जायचे,” बाई म्हणाली. “मीही आधी लांबच होते, खरं सांगते. मग त्याला जायचं होतं आणि पँटची चेन एका हातानं उघडेना. माणूस रडतोय. म्हटलं, आपलं कामच हे, आपण काय लाजायचं.” तिनं त्याला आत नेलं, धुतलं, खायला दिलं. चौकीवर कळवायला गेली, तर तिथला शिपाई म्हणाला, कुठल्यातरी आश्रमात सोडून ये. “मी म्हटलं, पत्ता लागेस्तोवर राहू दे इथेच. ते पुस्तक त्यानं मला पन्नास वेळा दाखवलं. मला वाटलं, ह्याला संत्री हवीत. आणली दोन. हात लावला नाही.”

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला एक गाडी मागे घेत थांब्याला लागत होती. कंडक्टर दारावर थाप मारत होता. आणि बाकावर बसलेला भोंगा उठून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर...” तिथंच थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. दहा-बारा वेळा. थांबेचना. लोक हसायला लागले, कोणी मोबाइल काढला. शौचालयाची बाई मध्ये उभी राहिली, हात पसरून. आणि कंडक्टर गाडी सोडून धावत आला. तो आमच्या डेपोतून बदली होऊन तिकडे गेलेला होता. तो आवाज त्यानं नऊ वर्षं ऐकला होता.

मी वहिनीकडे बघितलं. वाटलं, तिचा चेहरा उजळेल.

“म्हणजे बोलता येतं,” ती हळूच म्हणाली. “फलाट येतो. सहा महिने मी ओठ दाखवतेय. माझं नाव नाही आलं, आणि फलाट आला.”

पुढे दवाखान्यातल्या बाईंनी समजावलं, की रोजची घोकलेली वाक्यं वेगळ्या कप्प्यात असतात, ती आपोआप बाहेर पडतात, त्यात मनाचं काही नसतं. वहिनीनं ऐकून घेतलं. समजणं निराळं आणि लागणं निराळं.

निघताना वहिनीनं पुस्तक मागितलं, तर भोंग्यानं दिलं नाही. पाय ओढत तो दारापर्यंत गेला आणि त्या बाईच्या हातात ते ठेवलं. “तेच,” म्हणाला. बाई म्हणाली, “अरे, माझ्याकडे वाचणारं कोणी नाही.” त्यानं तिची बोटं पुस्तकावर मिटवली. दवाखान्यातल्या बाईंना आम्ही सांगितलं, की पुस्तक हरवलं.

परतीच्या गाडीत भोंगा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मी पुढच्या सीटवर होतो. मागून वहिनी म्हणाली, “त्या पुस्तकात सगळे अनोळखीच आहेत, बघितलंत का? ओळखीच्यांचं पुस्तक कोणी काढत नाही, भावजी.”

भोंगा त्यानंतर एक वर्ष आणि सात महिने जगला. मी दर गुरुवारी आणि रविवारी जायचो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण दार उघडलं जायचं. मी त्याची दाढी करायचो, त्याला गच्चीवर फिरवायचो, डेपोतल्या भानगडी सांगायचो आणि तो डाव्या हातानं मांडीवर थाप मारून हसायचा. त्या दुपारी खिडकीकडे बघताना त्याला मी दिसलो होतो का, हे मला कधी कळलं नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं ‘तेच’ म्हटलं असतं. दुसरा झटका आला तो पहाटे झोपेत. वहिनीचं नाव त्याच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही. मुलगी दोन दिवसांनी पोचली.

महिन्याभरानं मी वहिनीकडे गेलो. ती मशीनवर होती. मी दारातच उभा राहून, घरून पाठ करून आणलेलं सगळं बोललो. त्या दुपारचं, वाकल्याचं, पेनाचं, नाही म्हटल्याचं. चुकलो म्हणालो, माफ करा म्हणालो.

तिनं सुई वर केली, दोरा तोडला.

“बॉबिन संपलंय,” ती म्हणाली. “तो काळा दोरा घ्या आणि तेवढं भरून द्या.”

मी आत जाऊन बसलो आणि बॉबिन भरायला घेतलं.